पुणे १८९७: प्लेग, रँड आणि चार कलमांचा कायदा

सरकारचा हात कुठपर्यंत पोचावा आणि माणसाचं स्वतःचं असं काय राहावं, हा प्रश्न पुण्यात १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या झडत्यांसोबत वाड्यांच्या दिंडीतून थेट आत शिरला. शाळेत आपण हे प्रकरण चापेकरांच्या गोळीपासून शिकतो आणि फाशीपाशी थांबतो, त्यामुळे त्याच्या आधीचे चार महिने नीट बघायचे राहूनच जातात, आणि माझ्या मते खरा विषय त्या चार महिन्यांतच आहे. गोळी कोणी झाडली हे सगळ्यांना माहितीये. पण घरात शिरलेल्या शिपायाबद्दल दाद कुणाकडे मागायची, मागितली तर ती कोण ऐकणार, हे त्या वेळी पुण्यातल्या माणसाला कुणी सांगू शकत नव्हतं. मी हे प्रकरण त्या टोकाकडून लिहितोय.

आधी थोडं मागचं. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात गाठीच्या तापाचे पेशंट सापडले आणि मूळ गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा प्लेग आहे हे ओळखलं. मग मुंबईतून लोक मिळेल त्या गाडीने, बोटीने बाहेर पडायला लागले आणि रोगही त्यांच्यासोबत निघाला. तिकडे युरोपातली सरकारं हिंदुस्थानातून येणाऱ्या जहाजांवर बंदी घालायच्या गोष्टी करत होती, व्हेनिसला त्यासाठी खास परिषद भरणार होती. म्हणजे सरकारला घाई दोन्ही बाजूंनी होती, माणसं मरतायत म्हणून आणि व्यापार बुडतोय म्हणूनही. या घाईत ४ फेब्रुवारी १८९७ ला एपिडेमिक डिसीजेस अ‍ॅक्ट आला, आपण ज्याला साथरोग कायदा म्हणतो तो.

मूळ कायदा फक्त चार कलमांचा, सगळा मिळून एक-दोन पानांचा. पहिल्या कलमात नाव आणि तो कुठे लागू हे. दुसऱ्यात असं की नेहमीचे कायदे पुरेसे नाहीत असं सरकारला वाटलं तर सरकार स्वतः लागतील ते उपाय करू शकतं, किंवा कुणालाही ते करायचा अधिकार देऊ शकतं, त्यासाठी नुसती जाहीर नोटीस काढून नियम करता येतात, प्रवाशांची तपासणी, संशयितांना वेगळं ठेवणं हे सगळं त्यातच. तिसऱ्यात असं की हे नियम मोडले तर पीनल कोडच्या १८८ कलमाखाली, म्हणजे सरकारी हुकूम मोडल्याच्या कलमाखाली, शिक्षा. आणि चौथ्यात असं की या कायद्याखाली कुणी सद्भावपूर्वक काही केलं असेल तर त्याच्यावर दावा किंवा खटला चालणार नाही.

दुसरं आणि चौथं कलम एकापाठोपाठ वाचा. काय करता येईल याची यादी उघडी, आणि केलेल्याचा जाब विचारायचं दार जवळपास बंद. किती दिवस, कुठल्या मर्यादेत, चूक झाली तर भरपाई कशी, तक्रार कुणापुढे, याबद्दल त्या चार कलमांत अवाक्षर नाही.

आता पुणं. डिसेंबर-जानेवारीत रोग शहरात आला आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत निम्म्याच्या आसपास शहर रिकामं झालं, ज्यांना गाव होतं ते गावी गेले, ज्यांना नव्हतं ते मागे राहिले. फेब्रुवारीत साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांना आणून प्लेग कमिटीचं प्रमुख केलं, सोबत कर्नल फिलिप्स आणि लष्करी डॉक्टर बेव्हरिज. आणि १३ मार्चपासून घरोघरची झडती सुरू झाली, ती दोन महिन्यांच्या वर चालली. झडतीला गोरे सोजीर लावले, सरकारचं म्हणणं असं की ते हाताशी आहेत, शिस्तीचे आहेत, लाच खाणार नाहीत आणि नात्यागोत्यापायी रोगी लपवू देणार नाहीत. हा विचार त्यांच्या बाजूने बघितला तर अगदीच चुकीचा म्हणता येत नाही.

पण एक झडती डोळ्यासमोर आणून बघा. सदाशिव किंवा शनिवार पेठेतला एखादा वाडा. ओटा, पडवी, मग माजघर, त्याच्या आत स्वयंपाकघर, शेजारी देवघर. प्रत्येक उंबरठ्याला नियम, कोण कुठपर्यंत येणार, कोण पायातलं कुठे काढणार, सोवळ्यात असलेल्याला कोण शिवणार नाही. या घरात बूट घातलेले तीन-चार सोजीर शिरतात, त्यांना भाषा येत नाही, घरच्यांना त्यांची येत नाही. मडकी, कणग्या, माळे, पलंगाखालची जागा, सगळं बघितलं जातं कारण तिथे माणूस लपवलेला असू शकतो. मग घरातल्यांना बाहेर उजेडात उभं करायचं आणि गाठ शोधायची. प्लेगची गाठ येते काखेत, मानेला आणि जांघेत. म्हणजे तपासणी कुठे व्हायची ते समजून घ्या, आणि ती ज्या बाईची व्हायची तिने परक्या पुरुषाला कधी अंगाला हात लावू दिलेला नसायचा. ताप किंवा गाठ सापडली तर माणूस इस्पितळात, घरचे सेग्रिगेशन कॅम्पात, म्हणजे वेगळं ठेवायच्या छावणीत, अंथरुणं कपडे जाळून टाकायचे, जमीन उकरायची, औषध मारायचं, भिंतींना चुना फासायचा. बंद घर असलं तरी उघडून बघायचे.

झडती म्हटलं की आपल्याकडे वाडा आणि देवघरच डोळ्यासमोर येतं कारण लिहिणारे तिथले होते. एका खोलीत राहणाऱ्या मजुराचं काय झालं असेल? त्याचं एकच घोंगडं जळलं, कॅम्पात असेपर्यंतची मजुरी गेली, मागे राहिलेल्या भांड्यांवर लक्ष ठेवायला कुणी नाही. त्याच्या घरात बाटण्यासारखं सोवळं नव्हतं म्हणून त्याचं नुकसान कमी होतं असं मला अजिबात वाटत नाही.

आमच्या घरात आजी एक गोष्ट सांगायची, तिने ती सासूकडून ऐकलेली. झडतीच्या दिवशी तापाने फणफणलेल्या धाकट्या दिराला कणगीमागे घोंगडी टाकून झोपवलं आणि त्याच्या तोंडावर हात धरून मोठी जाऊ बसली, कण्हण्याचा आवाज जाऊ नये म्हणून. शिपाई गेले. दीर तिसऱ्या दिवशी गेला. जाऊ पंधरवड्यात गेली. आजी हे सांगताना कुणाला दोष द्यायची नाही, एवढंच म्हणायची की इस्पितळात नेलेलं माणूस परत येत नाही असं तेव्हा सगळे म्हणायचे.

या गोष्टीत प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत म्हणून ती इथे लिहितोय. रोगी लपवला तर घरचे आणि शेजारचे धोक्यात येतात, त्यामुळे 'माझं घर, माझा माणूस, सरकारचा काय संबंध' असं म्हणून सुटता येत नाही. आणि लोक लपवायला लागले ते झडतीच्या धाकानेच, त्यामुळे जितकी सक्ती वाढली तितका रोग आत दडत गेला. मला यातली एकच बाजू घेऊन मोकळं होणं जमत नाही.

टिळकांनाही जमलं नव्हतं. टिळकांचा सरसकट विरोध होता असं आपण धरून चालतो पण ते खरं नाही. साथीत सरकारने उपाय करायलाच हवेत, वेगळं ठेवणंही गरजेचं आहे, हे त्यांना मान्य होतं. ते स्वतः शहरात राहिले, हिंदू प्लेग हॉस्पिटल काढायला पुढाकार घेतला, पुणं सोडून गेलेल्या पुढाऱ्यांवर टीका केली. त्यांचं भांडण उपाय कसे केले जातायत आणि तक्रार का ऐकली जात नाही यावर होतं. आणि त्याच दिवसांत पुण्याबाहेर सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी दवाखाना चालवला होता, मुंढव्याच्या एका मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर टाकून आणलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. झडती सुरू व्हायच्या तीन दिवस आधी. त्या दवाखान्यात यायला कुणावर शिपाई पाठवावा लागत नव्हता, एवढं मी नोंदवून ठेवतो, एक दवाखाना अख्ख्या शहराला पुरला नसता हेही तितकंच खरं.

बरं, सरकारकडे जे ज्ञान होतं ते तरी पक्कं होतं का? जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता पण तो पसरतो कसा हे १८९७ मध्ये कळलेलं नव्हतं. डॉक्टरांना वाटायचं घाण, दमट जमीन, कोंदट हवा, रोग्याचे कपडे. पॉल लुई सिमाँ यांनी उंदराच्या अंगावरच्या पिसवांचा संबंध दाखवला तो १८९८ मध्ये, कराचीत, आणि त्यावर लोकांचा विश्वास बसायलाही पुढे काही वर्षं गेली. म्हणजे पुण्यात जमिनी उकरल्या, भिंती पांढऱ्या केल्या, आणि उंदरांकडे पाहिजे तसं लक्षच नव्हतं. उलट आपल्याकडे खेड्यापाड्यात लोकांना साधी गोष्ट कळलेली होती, घरात 'उंदीर पडायला' लागले की घर सोडायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं. अजूनही जुनी माणसं प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी सांगतात. आणि पुढे खरोखर उपयोगी ठरलेल्या उपायांत घरं रिकामी करून बाहेर राहणं हा मोठा उपाय ठरला, तो लोक आपणहून करत होते.

यातून मला सरकारला मूर्ख ठरवायचं नाहीये, त्या वेळचं शास्त्रच तेवढं होतं. पण ज्याला आपण चुकू शकतो हे माहिती आहे त्याने सक्ती करताना तक्रारीची खिडकी मोठी ठेवायला पाहिजे, कारण आपली चूक आपल्याला तिथूनच कळते. पुण्यात नेमकी तीच खिडकी बंद होती.

ती कशी बंद होती ते बघा. रँडने ऑर्डर काढताना लोकांच्या भावना सांभाळा असं शिपायांना बजावलं होतं, ते कागदावर आहे. आणि नंतरच्या अहवालात त्याने समाधानाने लिहिलं की बाईची जाणूनबुजून बेअब्रू केल्याची एकही विश्वासार्ह तक्रार आली नाही. आता हे वाक्य त्या बाईच्या जागी उभं राहून वाचा. तक्रार करायची म्हणजे काय, तर नाव सांगून, नवऱ्याचं नाव सांगून, गोऱ्या अधिकाऱ्यापुढे उभं राहून, माझ्या अंगाला कुणी कुठे हात लावला हे तोंडाने बोलायचं, आणि पुढे जन्मभर त्याच पेठेत राहायचं. आणि एवढं करून सोजिराने म्हणायचं मी सद्भावपूर्वक तपासत होतो, की झालं, चौथं कलम तयार आहे. तक्रार आली नाही यावरून काही घडलं नाही असं म्हणता येत नाही. काय काय घडलं ते नेमकं सांगताही येत नाही, आणि याची किंमत गोखल्यांनी मोजली. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा विलायतेत होते, पुण्याहून आलेल्या पत्रांवरून त्यांनी तिथल्या वर्तमानपत्रात दोन बायकांवर अत्याचार झाल्याचं आणि त्यातल्या एकीने जीव दिल्याचं सांगितलं. पुरावा मागितला गेला. परत आल्यावर कुणी नावानिशी पुढे यायला तयार होईना, आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीवरून तेव्हा त्यांना खूप बोलणी खावी लागली. मला त्यांचं वागणं प्रामाणिक वाटतं, सिद्ध होत नाही ते मागे घेतलं. पण सिद्ध करायची सोयच नसलेल्या जागी पुरावा मागायचा, हे मला आजही त्रास देतं.

इथे मिल या इंग्रज विचारवंताकडे यावं लागतं, कारण तेव्हाची शिकलेली मंडळी मिल वाचूनच मोठी झालेली. आगरकर तर मिल आणि स्पेन्सर यांच्यावर पोसलेले, ते प्लेगच्या आधी दोन वर्षं, १८९५ मध्येच गेले. जॉन स्टुअर्ट मिलचा १८५९ चा स्वातंत्र्यावरचा निबंध सांगतो की माणसाच्या इच्छेविरुद्ध त्याच्यावर सत्ता चालवायची असेल तर कारण एकच, त्याच्यामुळे दुसऱ्याला होणारी इजा टाळणं. त्याचं स्वतःचं भलं हे कारण पुरत नाही. प्लेगला हा नियम लावला तर सरकारला आत यायची परवानगी मिळते, कारण रोगी लपवला तर शेजारी मरू शकतो. मग प्रश्न उरतो मापाचा: इजा टाळायला जेवढं लागतं तेवढंच केलं का? घरातल्या माणसाने खोलीची पाहणी करू दिली असती, बायकांची तपासणी बायकांनी केली असती, आधी सांगून आले असते, तर तेच काम झालं नसतं का?

पण त्याच निबंधात सुरुवातीलाच मिल एक अपवाद करतो, आणि तो वाचताना मला पहिल्यांदा धक्का बसला होता. तो म्हणतो हा नियम वयात आलेल्या माणसांसाठी आहे, मुलांसाठी नाही, आणि मागासलेल्या समाजांसाठीही नाही, तिथे सुधारणेच्या हेतूने हुकूमशाही चालते. हे लिहिणारा माणूस पस्तीस वर्षं, १८२३ ते १८५८, ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत नोकरीला होता. म्हणजे पुण्यातले विद्यार्थी ज्या निबंधातून स्वातंत्र्य शिकत होते त्या निबंधाने त्यांना स्वतःलाच त्यातून वगळलेलं होतं. आणि साथरोग कायद्याचं चौथं कलम मला त्याच विचारातून आलेलं वाटतं: तुमच्या भल्यासाठी करतोय, हेतू चांगला आहे, मग जाब कसला विचारता?

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला साठ वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीत गव्हर्नरच्या बंगल्यात होता, आजची पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. रात्री परतताना दामोदर चापेकरांनी रँडवर आणि बाळकृष्ण चापेकरांनी मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर गोळी झाडली. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. चापेकरांबद्दल मला आदर आहे, पण त्यांना व्यक्तिस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते म्हणणं बरोबर होणार नाही, दामोदरपंतांचा राग धर्म बाटवल्याचा होता आणि सुधारकांवरही त्यांचा तेवढाच राग होता, हे त्यांनी तुरुंगात लिहिलेल्या हकिकतीवरून स्पष्ट दिसतं.

मला जास्त विचार करायला लावतं ते खुनानंतरचं. पुण्यावर जादा पोलीस बसवले आणि त्याचा खर्च शहराच्या डोक्यावर टाकला, म्हणजे ज्याने काही केलं नाही त्यानेही भरायचं. जुलैअखेर टिळकांना राजद्रोहाखाली पकडलं, सप्टेंबरमध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली, न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की सरकारबद्दल अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, आणि पुढच्याच वर्षी राजद्रोहाचं हे १२४अ कलम आणखी रुंद केलं. आणि सरदार नातू बंधू, ज्यांच्यातल्या बाळासाहेबांनी झडत्यांबद्दल रीतसर तक्रारी केल्या होत्या, त्या दोघांना २८ जुलैला उचललं ते मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली. आरोप नाही, खटला नाही, वकील नाही, मिळकतीवर टाच. मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या काळातला सत्तर वर्षं जुना नियम धूळ झटकून काढला. डिसेंबरमध्ये अमरावतीला काँग्रेस भरली तिथे हा विषय गाजला, विलायतेत पार्लमेंटमध्येही प्रश्न विचारले गेले.

तेव्हा तक्रारीचं पुण्यात काय झालं ते क्रमाने बघा. ज्यांनी तोंड उघडलं नाही त्यांच्या गप्प राहण्याचा अर्थ 'तक्रार नाही' असा लावला. ज्याने परदेशात सांगितलं त्याला माफी मागायला लागली. ज्यांनी अर्ज केले ते बिनखटल्याचे आत गेले. ज्याने छापलं तो शिक्षा होऊन आत गेला. सतराव्या शतकातला इंग्रज विचारवंत हॉब्ज म्हणतो माणसं सुरक्षिततेसाठी सगळी सत्ता एका हातात देतात, पण तोही मान्य करतो की जीव वाचवायचा हक्क माणूस कधीच देऊन टाकत नाही. पुण्यात सुरक्षितता मिळेना आणि सत्ता मात्र सगळी घेतलेली, अशी अवस्था होती. पुढे मार्च १८९८ मध्ये मुंबईत दंगल झाली, १९०० मध्ये कानपूरला झाली, तेव्हा कुठे सक्ती हळूहळू सैल झाली. आणि रोग थांबला नव्हताच, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीच्या आसपास माणसं गेली. सक्ती नसती तर कमी गेली असती का जास्त, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात हाच कायदा लावला. माझा चुलतभाऊ परदेशातून आला तेव्हा त्याच्या डाव्या हातावर शाईचा शिक्का मारला होता, होम क्वारंटाईन, खाली तारीख. तो घरीच राहिला, नियम पाळला, आणि मलाही तो नियम योग्यच वाटत होता. पण त्याच्या सोसायटीत कुणीतरी त्या शिक्क्याचा फोटो काढून फ्लॅट नंबरसकट ग्रुपवर टाकला, कामवाल्या मावशींना गेटवरून परत पाठवलं, काकूला दूध मिळेना. काकूने फोन लावून लावून विचारलं की याची तक्रार कुठे करू, आणि प्रत्येक ठिकाणी दुसरा नंबर मिळाला. तिचं म्हणणं साधं होतं, अरे शिक्का मारा ना, पण मग आमच्याकडे बघणारं कुणीतरी द्या.

अर्थात १८९७ आणि २०२० एक नाही. मध्ये राज्यघटना आहे, जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणारं तिचं एकविसावं कलम आहे. पुट्टस्वामी प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क मानला आणि त्यात हात घालायचा तर कायदा पाहिजे, योग्य कारण पाहिजे आणि उपाय कारणाच्या मापात पाहिजे असं सांगितलं. २ मे २०२२ ला जेकब पुलियेल प्रकरणात कोर्टाने म्हटलं की कुणालाही लस घ्यायची सक्ती करता येणार नाही, शरीरावर माणसाचा हक्क आहे, पण साथीच्या काळात मापात बसणारी बंधनं सरकार घालू शकतं. रँडच्या पुण्यात असं विचारायला कोर्टच उघडं नव्हतं, आज ते आहे, हा फरक फार मोठा आहे आणि तो मिळवायला लोकांनी आयुष्यं घातलीत.

२०२० मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती झाली, डॉक्टर-नर्सवर हात उचलणाऱ्यांना तीन महिने ते पाच वर्षं शिक्षा आली, आणि ती गरजेची होती, त्यांच्यावर दगडफेक झालेली आपण बघितली. हे लिहायला बसलो तेव्हा दुरुस्तीनंतरचा अख्खा कायदा पुन्हा वाचून काढला. नवीन पोटकलमं बरीच आलीत. ज्याच्या घरात तपासणी होते त्याने तक्रार कुठे करायची याचं एकही नाही. चौथं कलम १८९७ मध्ये होतं तसंच आहे.